आखाडा नसलेल्याने जायचं कुठे?

१७ एप्रिल २०२१ला पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक झाली. त्याआधी तिथे सभांवर सभा झाल्या. मतदानानंतर पाचच दिवसांनी कोरोनामुळे राज्यभर हुकूम लागू झाला: लग्नाला २५ माणसं, दोन तास, मोडाल तर ५० हजार रुपये दंड. सभा घेणाऱ्यांनी मांडवाला शिस्त शिकवावी, याची मला आजही चीड आहे.

मांडवात गेलेल्यांना बेजबाबदार म्हणणंही मला पटत नाही. आमच्या नायगाव-नरसीकडे भावकीच्या लग्नाला न जाणं वाईट आणि मयतीला न जाणं त्याहून वाईट. माणसं गेली ती सोयऱ्यांचा मान राखायला. मान राखणाऱ्या माणसाला नुसतं ‘घरात बस’ म्हणून भागत नाही. त्याच मानाला शोभेल असं दुसरं काम त्याच्या हाती द्यावं लागतं.

गोदावरीपलीकडे, भोकर तालुक्यातल्या भोसीने ते दिलं. वस्ती सहा हजारांची. २०२१मध्ये एका लग्नानंतर गावातली एक मुलगी बाधित निघाली, आठवडाभरात आणखी पाच जण. जिल्हा परिषद सदस्य प्रकाश देशमुख भोसीकर यांनी पुढाकार घेऊन गावातच तपासणी शिबिर लावलं. ११९ जण बाधित! सौम्य त्रास असलेल्यांनी पंधरा-सतरा दिवस आपापल्या शेतात, आखाड्यावर राहायचं ठरलं. आशाताई आणि अंगणवाडीसेविका रोज शिवारात जाऊन विचारपूस करत. नंतर दीड महिना गावात नवा रुग्ण सापडला नाही.

पण आखाडा असतो शेतवाल्याला. मजुराचं काय? एका खोलीत सहा माणसं राहतात, तिथे वेगळं कोण आणि कसं राहणार? भोसीत अशांसाठी देशमुखांच्याच शेतात ४० बाय ६० फुटांची शेड होती. मला या सगळ्या हकिगतीत ती शेड सर्वांत मोठी वाटते. दुसऱ्याला आपल्यामुळे इजा होऊ नये आणि सगळ्यांना सारखा न्याय मिळावा, हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं ते साथीचे नियम जास्त पाळतात, असं अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं होतं. भोसीने मजुराला आधी न्याय दिला, मग त्याच्याकडून नियम मागितला. इतर ठिकाणी आजार लपवणाऱ्यांना आपण नावं ठेवली, पण उघड करून ते राहणार कुठे, हे विचारलं नाही.

नायगाव तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी येत्या ग्रामसभेतच हा विषय घ्यावा. साथ आली तर शेत नसलेल्या घरांसाठी शेड कोणाच्या शिवारात, डबा कोण पोचवणार, बुडालेली मजुरी कोण भरून देणार. नावानिशी ठरवा आणि ठरावात लिहून ठेवा.