बगरू छाप पत्रा

गाडीच्या पुढच्या चाकात, डिस्कच्या मागे एक पातळ पत्रा असतो. चिखल-खडे डिस्कवर उडू नयेत, ब्रेकची धग आतल्या रबरी बुटांना लागू नये, एवढंच त्याचं काम. पण तो गंजून वाकला, की डिस्कला घासतो आणि अख्खी आळी वळून बघते. "साहेब, स्क्रू-ड्रायव्हरनं जरा मागे ओढला की झालं," असं आमचा पुण्यातला मेकॅनिक म्हणाला होता. असल्या जुगाडामुळेच देश मागे राहिला, हे त्याला सुनावून मी नवा पत्रा घेतला आणि सवडीनं बसवू म्हणून डिकीत टाकला.

सवड मिळाली ती बगरूत. पुण्यावरून जाणारा ४८ नंबरचा हायवे जयपूरच्या अलीकडे तीसेक किलोमीटरवर या गावाला लागून जातो. हिला तिथल्या ठसेछपाई करणाऱ्या छिपांकडून दाबूचं, म्हणजे चिखल लावून छापलेलं, कापड घ्यायचं होतं. गावात शिरताना चाक किंचाळू लागलं.

"अहो, कुणाला तरी दाखवा."

"कुणाला कशाला? मी आहे ना."

यावर ती जे बोलली नाही, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

छिपांच्या अंगणातच जॅक लावला. शेजारी हिरड्याच्या पाण्यातून काढलेली पिवळी थानं पसरली होती. चाक निघालं, कॅलिपर निघाला. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नसतो, हे शास्त्र मला माहीत. म्हणून हिच्या ओढणीनं तो स्प्रिंगला बांधला. डिस्क मात्र पंक्तीत शेवटच्या जिलबीपर्यंत ठाण मांडणाऱ्या पाहुण्यासारखी हलेना. मी हातोडी चालवू लागलो, तसे आतले ठशांचे आवाज थांबले आणि सगळे छपाईवाले बाहेर येऊन बसले.

डिस्क निघाली आणि समोर हब. पत्र्याचं भोक लहान, हब मोठा. तो काढायला प्रेस लागतो, आणि काढला की बेअरिंगही बहुधा बदलावंच लागतं. व्हिडिओतल्या दाढीवाल्यानं हा भाग 'आता हब काढून घ्या' एवढ्या चार शब्दांत उरकला होता. मग पत्राकात्री मागवून जुना पत्रा कापून काढला, धुतला आणि हाताशी आलेल्या कापडावर ठेवला. नवाही तसाच चिरून चढवू म्हटलं. पण तो डाव्या चाकाचा निघाला. उघडलेलं चाक उजवं.

चहा होईपर्यंत त्या कापडावर काळीभोर कमान उमटली होती. हिरड्यातल्या टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग धरतो. बगरूची प्रसिद्ध स्याही याच तत्त्वावर बनते. भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस मुरवायचे, की झाली. मी गुळाचा खर्च वाचवला होता.

घरातल्या म्हाताऱ्या छिपांनी थान उचलून उजेडात धरलं, बोटानं कमान घासून पाहिली.

"रंग तो पक्का है, भाईसाब. डिझाइन हमारा नहीं है."

थान विकत घ्यावं लागलं. जुना पत्रा त्यांनी स्याहीच्या माठासाठी ठेवून घेतला. हायवेवरच्या गॅरेजातून आलेल्या पोरानं डिस्क बसवली, ओढणी सोडवून हिच्या हातात दिली आणि पत्र्याविना गाडी चालू करून दिली. त्याचे पैसे हिनं दिले, माझ्याकडे न बघता.

त्या थानाचे आता आमच्या दिवाणखान्यात उशांचे अभ्रे आहेत. पाहुणे कमानीवरून हात फिरवून विचारतात, हा कुठला पारंपरिक ठसा?

"ह्यांचा," ही म्हणते.