साडेसात मिनिटं

आजोबांचं ठोक्यांचं घड्याळ टांगायचं होतं. त्याला एक भोक पुरतं आणि ते पाडून देणारा सुतार आमच्या कोपऱ्यावरच बसतो. पण दीडशे रुपये वाचवायला अडीच हजार खर्च करणं हा आमच्याकडचा कुळाचार आहे. मी ड्रिल विकत आणलं.

"साधं की हॅमरवालं?" असं दुकानदाराने विचारल्यावर "साधं" म्हणणारा पुरुष मी तरी पाहिलेला नाही. ६५० वॅट, १३ मिलिमीटरचा चक, मिनिटाला ३,००० फेरे आणि ४८,००० ठोके. बायको गणिताची शिक्षिका. ती म्हणाली, "आपलं घड्याळ अख्ख्या दिवसात १५६ ठोके देतं."

सोबतची पुस्तिका मी पूर्ण वाचली. आवाज ९७ डेसिबल, अनिश्चितता ५. काँक्रीटमध्ये हॅमर लावून कंपन २० मीटर प्रति सेकंद वर्ग, अनिश्चितता दीड. स्वतःच्या आवाजाबद्दल "यात माझी चूक असू शकते" असं लिहून देणारं आमच्या सोसायटीत हे पहिलंच.

युरोपातल्या नियमांप्रमाणे आठ तासांच्या कामाला हाताचं कंपन सरासरी अडीचच्या वर गेलं, की मालकाने उपाय करायचे. पाचच्या वर गेलं तर काम थांबवायचं. बायकोने खडू उचलला. "२० म्हणजे अडीचच्या आठपट. आठाचा वर्ग चौसष्ट. आठ तासांना चौसष्टने भाग. साडेसात मिनिटं तुझी." कानांना मात्र अर्धा तास मिळाला, कारण ८५ डेसिबलला आठ तास धरले तर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. (हे कान तीस वर्षं पुण्यात विसर्जन मिरवणूक ऐकताहेत, पण पुस्तिकेत अनुभवाला सवलत नाही.)

कानांवर मफ चढवले. बाजूची मूठ लावली. मूठ आवळू नका, जोर लावू नका, असं पुस्तिका सांगत होती. मी दोन्ही केलं. सहा मिनिटांत भिंतीला देवीच्या व्रणाएवढा खळगा पडला. तेवढ्यात दार उघडून खालच्या मजल्यावरचे काका आत आले आणि बराच वेळ बोलले. मला काही ऐकू येत नव्हतं, म्हणून मी अदबीने मान डोलावत राहिलो. मफ काढल्यावर बायकोकडून कळलं की दुपारी एक ते चार ड्रिल न चालवण्याचं मी कबूल केलंय आणि सोसायटीचं खजिनदारपद स्वीकारलंय.

शेवटी सुताराला बोलावलं. त्याने ड्रिल उलटसुलट पाहिलं. "साहेब, हॅमरचा खटका पाडलाच नाही तुम्ही. नुसतं फिरवत बसलात." म्हणजे ते २० मीटर माझ्या वाट्याला आलेच नव्हते, चौसष्टचा भागाकार फुकट गेला.

त्याने खटका पाडला आणि पाऊण मिनिटात भोक पाडलं. कान उघडे. दिवसभरात अशी किती, विचारलं तर हसला. "मॉड्युलर किचन असलं की मोजत नाही." मग हात झटकत सहज म्हणाला, "थंडीत बोटं पांढरी पडतात. मुंग्या येतात. रक्त कमी असेल."

रक्त कमी नव्हतं, हा कंपनाचा त्रास. अमेरिकेत इंडियानाच्या चुनखडीच्या खाणींत हवेच्या दाबावरच्या हातोड्यांनी दगड घडवणाऱ्यांची अशीच पांढरी बोटं डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी १९१८ साली तपासली होती. मी त्याला डॉक्टरकडे जायला सांगितलं आणि माझे मफ देऊ केले. "हे घातल्यावर गिऱ्हाइकाचं बोलणं कसं ऐकू येणार?" म्हणत त्याने ते उलटसुलट पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि घेऊन गेला.

घड्याळ लागलं. मी मफची नवी जोडी आणली आहे. ड्रिल लागलं तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी खुशाल मागावं. मफसकट मिळेल, नुसतं ड्रिल देत नाही. आणि खजिनदारपदही कुणाला हवं असल्यास कळवावं.