सेनगावचा व्हिसा

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे विमानं बंद पडली आणि परदेशी पाहुणे भारतात अडकले. सरकारनं त्यांची बूज राखली. ऑनलाइन अर्ज करा, व्हिसा फुकट वाढवून घ्या. विमानं सुरू झाल्यावरही तीस दिवस खुशाल राहा, दंड नाही. उत्तमच झालं.

आता आपला हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावचा गडी घ्या. चाकणला कंपनीत कामाला. काम बंद, खोलीचं भाडं चालू. याला स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या घरी जायचंय, म्हणून ई-पास. आधार, फोटो, गाडीचा नंबर आणि वर डॉक्टरचा दाखला. आपल्याला संसर्ग नाही हे सिद्ध करायला दवाखान्यापुढे एकमेकांना खेटून रांग. प्रवासाचं कारण काय, तर 'मूळ गावी परतणे'. तेवढ्यावर भागलं नाही तर पुन्हा अर्ज.

पास मिळाला, जिल्ह्याची हद्दही ओलांडली. पुढे गावाची सीमा: रस्त्यावर आडव्या बाभळीच्या फांद्या, पलीकडे तोंडाला उपरणं गुंडाळलेली सख्खी भावकी. लहानपणी ज्या शाळेतून हा पळून जायचा, तिथंच चौदा दिवस मुक्काम. डबा आईचा, पण फाटकापर्यंतच.

एवढा कडेकोट बंदोबस्त असूनही एप्रिल-मे महिन्यांत हिंगोलीतले रुग्ण भराभर वाढले. त्यांत बरेचसे राज्य राखीव पोलीस दलाचे जवान होते, मालेगाव-मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले. बिचाऱ्यांना सरकारनंच धाडलं होतं, सरकारनंच परत आणलं. त्यांचे कागद अगदी चोख होते.