दहापैकी सात

आइंडहोवन, नेदरलँड्स

ती. आईंना सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोन ठेवता ठेवता तुम्ही हळूच विचारलंत, "त्याची तब्येत बरी आहे ना गं? नातीच्या मार्कांबद्दल अवाक्षर काढलं नाही!" तब्येत ठणठणीत आहे. फोनवर सविस्तर सांगता येत नाही, कारण तुमचे चिरंजीव शेजारीच बसून माझं मराठी सुधारत असतात. म्हणून पत्र.

इथे गुण दहापैकी असतात आणि साडेपाचाला पास. दहा देवाला, नऊ गुरुजींना, असं लोक गमतीनं म्हणतात. म्हणजे वाटपाला मुळात आठच उरतात. पोरं सहावर समाधान मानतात म्हणून इथले मंत्रीसुद्धा अधूनमधून कुरकुरतात. पोरं मनावर घेत नाहीत.

तर अशा देशात तुमची नात गणितात सात घेऊन आली. आणि बाप कोण? दहावीला 94 टक्के मिळूनही क्लासच्या जाहिरातीत फोटो दुसऱ्या रांगेत छापला म्हणून त्या दिवशी न जेवलेला! (तो पेपर तुम्ही कपाटात जपून ठेवलाय. मी पाहिलाय.)

शाळेत बाई प्रत्येक पालकाला मोजून दहा मिनिटं देतात. चिरंजीव फाइल घेऊन गेले. फाइलमध्ये आलेख, तेही रंगीत. बाई आठ मिनिटं सांगत राहिल्या, मुलगी मजेत असते, नव्या मुलांना खेळात घेते, भांडण झालं तर मिटवते. उरलेल्या दोन मिनिटांत ह्यांनी विचारलं, "दहा मिळायला काय करावं लागेल?"

बाई अगदी कुतूहलानं म्हणाल्या, "कशासाठी?"

आई, दादरच्या क्लासपासून इथल्या नोकरीपर्यंत हा प्रश्न कुठल्याच सिलॅबसमध्ये नव्हता हो. घरी येईपर्यंत सायकलवर गप्प. रात्री बाराला उठून बसले आणि मला म्हणाले, "खरंच, कशासाठी गं?" मी म्हटलं, झोपा आता.

पण जन्माची खोड एका प्रश्नानं थोडीच जाते? उन्हाळ्याच्या तोंडाशी इथे ओळीनं चार संध्याकाळी चालायचा उपक्रम असतो. मुलं रोज पाच किंवा दहा किलोमीटर चालतात, लिंबात पेपरमिंटची कांडी खोचून ती चोखत, गाणी म्हणत. शेवटच्या दिवशी घरचे फुलं घेऊन येतात. चारही दिवस पुरे केले की सगळ्यांना एकसारखं पदक. पहिला-दुसरा अशी भानगड नाही. हे सगळं पत्रकात लिहिलं होतं. चिरंजीवांनी त्यातलं फक्त अंतर वाचलं.

नवे बूट आले, मनगटावर घड्याळ आलं. पहिल्या संध्याकाळी लेक मैत्रिणींबरोबर कालव्यातली बदकं बघत थांबली, तशी तिला माझ्यावर सोपवून हे सुसाट निघाले आणि सगळ्यांच्या आधी पोहोचले. तिथे मंडळी अजून तयारीच करत होती. आयता माणूस मिळाल्याचा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी ह्यांना बाकं मांडायला लावली. दुसऱ्या दिवशीही पहिले, पुन्हा बाकं. तिसऱ्या दिवशी चिरंजीव बदकं बघायला थांबले.

आता बुधवारी सुट्टी घेतात. आठवड्यातून चारच दिवस काम करणारे बाप इथे पुष्कळ. कुणी नाकं मुरडत नाही. त्या दिवशी शाळा दुपारीच सुटते, मग बापलेक स्वयंपाकघरात. तुम्हाला माहीतच आहे, थालीपिठाची भोकंसुद्धा समान अंतरावर लागायची! परवा थालीपीठ तव्यावर फाटलं, ते तसंच स्वतःच्या ताटात वाढून घेतलं. इतकी वर्षं फाटलेलं माझ्या ताटात यायचं, त्यामुळे बदल मला चटकन कळला.

पण इथे सगळं आलबेल आहे असं समजू नका. सहावर खूश असणारा हाच देश बाराव्या वर्षी मुलांच्या वाटा ठरवतो. शाळेची शिफारस आणि एक परीक्षा, त्यावर कुणी विद्यापीठाच्या वाटेला, कुणी धंदेशिक्षणाच्या. पुढे वाट बदलता येते, पण फेरा लांबचा. मला काही हे पटत नाही. आपल्या मंडळींत आत्तापासून कुजबूज आहे, कुणी कुणाकडे शिकवणी लावली याची. आपली परीक्षा पुढच्या हिवाळ्यात. काल लॅपटॉपवर सरावाची प्रश्नपत्रिका उघडी दिसली. मी विचारलं, "कशासाठी?" म्हणाले, "नुसती बघतोय." नजर ठेवून आहे.

बाबांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
सूनबाई

ता. क. पदकाचा फोटो बाबांना पाठवला, तर त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पदक' असं टाकलंय. तेवढं काढायला सांगा. तळमजल्यावरच्या काकूंचा मला मेसेज आलाय, पहिला कोण आला म्हणून. आता त्यांना बाकांचं कसं सांगू?