खोक्यासकट

आमच्या भाचेरावांना कुणी "काय रे, नवी बाहुली आली का?" असं विचारलं की त्यांचा चेहरा पंगतीत जिलबीवाला आपल्याला न वाढताच पुढे गेल्यासारखा होतो. "मामा, बाहुली नाही. फिगर म्हण, फिगर." आमच्या तरुणपणी या शब्दाचा अर्थ निराळा होता आणि मामा-भाच्यांनी तो एकमेकांसमोर उच्चारायची पद्धत नव्हती. आता ताईच्या घरी तो दिवसातून चाळीस वेळा, आजीच्या देखत उच्चारला जातो. अर्थ एवढाच, की जपानी कार्टूनमधल्या कुठल्याशा पात्राची वीतभर उंचीची प्लास्टिकची मूर्ती, जी भाचेरावांनी टोकियोतल्या, स्वतः कधीही न पाहिलेल्या पेठेतून मागवली आहे.

'कार्टून' म्हटलेलंही चालत नाही. अ‍ॅनिमे म्हणायचं. मी एकदा "आमच्या वेळी असली थेरं नव्हती" म्हणालो, तर त्यानं शांतपणे विचारलं, "मामा, रविवारी दूरदर्शनवर मोगली बघायचास ना तू?" बघायचो की. गुलझारांच्या शीर्षकगीतावर अख्खी आळी डोलायची. "तो अ‍ॅनिमेच होता. निप्पॉन अ‍ॅनिमेशन, १९८९." मी आयुष्यभर ज्या मोगलीला मध्य प्रदेशातला समजत होतो, तो जपानहून आलेला निघाला. त्या दिवसापासून या विषयावर मी घरात जपून बोलतो.

भाचेराव एकटेच असते तर हे लिहिलं नसतं. पण हल्ली दर सोसायटीत एक भाचेराव आहेत. वय पंचविशी-तिशीतलं, नोकरी हिंजवडीला नाहीतर ऐरोलीला, अंगात काळा टी-शर्ट, खोलीचं दार अर्धं लोटलेलं आणि आत काचेचं कपाट. त्या कपाटात दिवे लागतात. देव्हाऱ्यातला झिरोचा बल्ब गेला तर महिनाभर कुणी बदलत नाही. कपाटातली एलईडीची पट्टी नुसती मिणमिणली तरी त्याच रात्री नवी लागते.

पक्की ओळख सकाळी पटते. आजोबा सोन्याचा भाव बघतात, ताई कांद्याचा, भाचेराव येनचा. "येन पंचावन्न पैशांवर आला, मामा!" हे वाक्य तो ज्या आनंदानं सांगतो, त्या आनंदानं त्यानं दहावीचा निकाल सांगितला नव्हता. मग लगेच हिशेब. "तेरा हजार येन म्हणजे सातच हजार की!" या 'सातच'मधल्या 'च'वर आमच्या ताईचं ब्लडप्रेशर अवलंबून आहे. कारण त्यात विमानाचं टपाल धरलेलं नसतं आणि जकात तर मुळीच धरलेली नसते.

या मूर्तींच्याही जातीपाती आहेत. नेंडोरॉइड म्हणून एक प्रकार आहे. जपानच्या गुड स्माइल कंपनीनं २००६ पासून चालवलेला. उंची साधारण १० सेंटिमीटर, त्यातलं निम्मं डोकंच. तिचे पुढचे केस काढून चेहरा बदलता येतो. खोक्यात बहुधा दोन-तीन चेहरे जादा मिळतात. एक हसरा, एक रागावलेला, एक रडवेला. (ही सोय मनुष्यप्राण्यात असती तर अप्रेझलच्या दिवशी माणसं नुसतं तोंड बदलून केबिनमध्ये शिरली असती.) त्याच्या वर 'स्केल', म्हणजे पात्र खरंच असतं तर जेवढं असतं त्याच्या एकसप्तमांश किंवा एकअष्टमांश. चौथीत आपल्याला अपूर्णांक ज्या तळमळीनं शिकवले, त्यांचा उपयोग मला इथं प्रथम दिसला. आणि सगळ्यांत खाली 'प्राइझ'. जपानमध्ये करमणुकीच्या दुकानांतून यंत्राचा पंजा खाली सोडून वस्तू उचलायचा खेळ असतो, त्यात बक्षीस म्हणून ठेवलेली मूर्ती. ती जिंकणारे तिथले पोरगे ती जुन्या मालाच्या दुकानात विकतात आणि तिथून ती आमच्याकडे येते. प्राइझवाल्याकडे स्केलवाला त्याच नजरेनं बघतो, ज्या नजरेनं आमरस घरी काढणारा डब्यातल्या आमरसाकडे बघतो.

तरीही भाचेरावांचा खरा छंद मूर्ती नव्हे. वाट पाहणं हा त्यांचा खरा छंद आहे.

आपण आषाढात गणपती ठरवतो, पाटाला नावाची चिठ्ठी लावतो आणि चतुर्थीला मूर्ती घरी येते. त्यात तारीख पुढे जात नाही. पेणच्या कारखानदारानं "यंदा गणपती मार्गशीर्षात देऊ, तसदीबद्दल क्षमस्व" असं कळवल्याचं कुणी ऐकलंय? भाचेरावांचं मात्र सगळं तसंच चालतं. वर्षातून दोनदा चिबामधल्या माकुहारी मेस्से इथं वंडर फेस्टिव्हल भरतो. तिथं पुढे कधीतरी येणाऱ्या मूर्तींचे न रंगवलेले, करडे नमुने मांडतात. भाचेराव रात्री दोन वाजता त्यांचे फोटो बघून प्रेमात पडतात. मग रंगवलेला नमुना यायला काही महिने. मग प्री-ऑर्डर. मग "पुढच्या जूनला मिळेल" असा शब्द. जून येतो. जपानहून अतिशय सभ्य पत्र येतं, की ऑगस्ट. ऑगस्टात आणखी सभ्य पत्र येतं, की ऑक्टोबर. प्रत्यक्ष मूर्ती दारात येते तेव्हा भाचेराव त्या मालिकेतून मनानं कधीच बाहेर पडलेले असतात, दुसऱ्याच एका निळ्या केसांच्या मुलीत गुंतलेले असतात. पण शब्द दिलेला असतो. प्री-ऑर्डर मोडायची नाही, असा तिथल्या बऱ्याच दुकानांचा दंडक आहे, आणि मोडणाऱ्याला ती पुन्हा दारात उभं करत नाहीत. ठरलेलं लग्न मोडायला आमच्या आजोबांच्या काळात इतकी भीती नव्हती.

काही दुकानं पैसेही माल आल्यावरच मागतात. त्यामुळे वर्षभरात "आत्ता कुठे द्यायचेत" म्हणत केलेल्या सहा ऑर्डरी, पुढे ढकलल्या जात जात, एकाच महिन्यात येऊन कोसळतात. त्या महिन्यात भाचेराव घरी जेवतात, डबा नेतात आणि आईला भाजी निवडून देतात. ताईला वाटतं, मुलगा सुधारला.

पैसे भरले की एक नंबर मिळतो. तेरा अक्षरांचा, शेवटी 'जेपी'. हा नंबर त्याला पाठ असतो. स्वतःचा आधार क्रमांक नसतो. "मामा, कावासाकीतून निघालं!" "मामा, मुंबईत उतरलं!" आणि मग ते वाक्य, जे म्हणताना आवाज आपोआप खाली येतो, "कस्टमला लागलंय." ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या नातेवाइकासारखा तो दर अर्ध्या तासानं फोन बघतो. आतून काही कळत नाही.

जकातीवरचं त्याचं म्हणणं मला पटलेलं आहे, हे इथं नमूद करतो. खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली २० टक्क्यांवरून ६० झाली आणि २०२३ साली ७०. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हही लागतं. आता त्या हुकुमात खेळणं म्हणजे काय, तर १४ वर्षांखालच्या मुलांनी खेळायची वस्तू. आणि भाचेरावांच्या खोक्यांवर जपानी भाषेत छापलेलं असतं, 'वय १५ वर्षे व वरील'. "मग हे खेळणं कसं, मामा? कायद्यानंच खेळणं नाही." युक्तिवाद बिनतोड आहे. अडचण एवढीच की तो पोस्टमनसमोर करावा लागतो, आणि पोस्टमन हातातली पावती दाखवून म्हणतो, "साहेब, मी नुसतं पोचवतो."

आधी एक पळवाट होती. ओसाकाला राहणारा मित्र 'भेट' म्हणून पाठवायचा. पाच हजारांपर्यंतच्या भेटीला जकात नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारनं तीही बुजवली. आता परदेशातून टपालानं भेट म्हणून पूर्ण जकात न भरता दोनच गोष्टी येऊ शकतात, जीवरक्षक औषधं आणि राखी. बरोबर, राखी. भाचेरावांना बहीण नाही, याचं त्यांना आयुष्यात प्रथमच वाईट वाटलं.

त्यातून जो प्रसंग घडला तो आमच्या घराण्यात सांगितला जातो. भाचेराव ऑफिसात, ताई भिशीला, घरी एकटी आजी. पोस्टमन आला, "जपानहून पार्सल, साडेतीन हजार भरायचेत." जपानहून एवढे पैसे भरून काय येणार? औषधच असणार. नातू काहीतरी लपवतोय, अशी आजीला शंका आलीच होती. हल्ली सारखा खोलीत बसतो, जेवत नाही, फोन बघून उसासे टाकतो. म्हाताऱ्या माणसानं डब्यातले, तांदळाखाली ठेवलेले पेन्शनचे पैसे काढून मोजून दिले आणि संध्याकाळी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "बाळा, खरं सांग, तुला काय झालंय?"

भाचेरावांनी पार्सल आजीपुढे उघडलं. तो सोहळा मी पाहिला आहे. आधी हात धुतले, पुसले. सुरी नाही, नेलकटरमधल्या कानशीचं टोक, तेही फक्त चिकटपट्टीपुरतं आत जाऊ द्यायचं. बाहेरचा पुठ्ठा, चुरगळलेला कागद, मग खिडकीचं खोकं. ते आधी फिरवून आठही कोपरे तपासले. मग आतलं, मूर्तीच्या मापाचं पारदर्शक प्लास्टिक, आणि केसांच्या बटांमध्ये, झग्याच्या चुण्यांमध्ये सारलेल्या पातळ पापुद्र्यासारख्या पिशव्या एकेक करून, जखमेची पट्टी सोडावी तशा. नव्या प्लास्टिकचा वास खोलीभर. आजीनं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हिला नाक नाही रे." खरंच, या पोरींना नाक जवळजवळ नसतं. "डोळे मात्र आपल्या गौरींसारखे आहेत." आणि मग, "साडेतीन हजार पुढच्या पेन्शनच्या आधी दे."

मीही तेव्हा ती मूर्ती प्रथमच नीट बघितली. खोटं कशाला बोलू? केस मुळाशी गडद आणि टोकाकडे फिकट होत गेलेले, वाऱ्यानं उडालेला पदर हवेतच थांबलेला, नखांना रंग. खोक्यावर मूर्ती घडवणाऱ्याचं नाव छापलेलं. मला आमचा दिवाळीतला किल्ला आठवला. कुंभारवाड्यातून टोपलीभर चित्रं आणायचो, मावळे, तोफवाला, गवळण, विहिरीवरची बाई. ती कुणी केली, हे आम्ही कधी विचारलं नाही.

पण मूर्ती निम्मीच. उरलेलं निम्मं खोकं असतं, हे मला उशिरा कळलं. आमिआमी नावाच्या जपानी दुकानात वापरलेल्या मालाला दोन शेरे असतात. मूर्तीला वेगळा, खोक्याला वेगळा. मूर्ती 'ए वजा', खोकं 'बी'. हे 'बी' म्हणजे काय, तर एखाद्या कोपऱ्यावर डास बसून गेला असावा इतपत दबलेलं. खोकं नसेल तर किंमत धाडकन खाली. म्हणून रिकामी खोकी भाचेरावांनी ताईच्या माळ्यावर रचून ठेवली होती. पापडाचा डबा आणि पितळी पातेली खाली आली, खोकी वर गेली.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ताईनं ती रद्दीवाल्याला दिली. एकवीस खोकी, पुठ्ठ्याच्या भावानं, अठ्ठेचाळीस रुपये. ताई खूश, कारण रद्दीवाल्यानं वर दोन रुपये दिले, पन्नासची नोट मोडायला नको म्हणून.

भाचेराव घरी आले, वर बघितलं आणि पायात होत्या त्या स्लिपरांनिशी धावत सुटले. मी साक्षीदार म्हणून मागे. दुकानात खोकी सुतळीनं बांधून ठेवली होती, सपाट करायची तेवढी राहिली होती. रद्दीवाल्यानं एकदा खोक्यांकडे पाहिलं, एकदा भाचेरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि धंद्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला जे कळायचं ते कळलं. "इंपोर्टेड आहे साहेब. शंभर रुपये पीस." भाचेराव बोलेचनात. मीच घासाघीस केली. तेव्हा त्यानं सुतळी सोडली, एकेक खोकं उजेडात धरलं, कोपरे बोटानं चाचपले आणि तीन बाजूला काढली. "ही जरा दबलीत. यांचे ऐंशी द्या."

एवढी अचूक पारख मी टोकियोबाहेर पाहिलेली नाही. भाचेरावांनी दोन हजार चाळीस रुपये मोजले आणि त्याला नमस्कार केला.

सध्या ऊन वाढतंय. उन्हाळ्यात या मूर्ती आपल्याच वजनानं हळूहळू पुढे झुकतात. मग गरम पाण्यात बुडवून, सरळ करून, गार पाण्यात धरायच्या असतात. ताईच्या स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्यात परवा निळे केस डोकावत होते. तो विषय वेगळा आहे.

ही हकीकत छापायला देण्यामागे माझा एक स्वार्थ आहे. भाचेराव दिवसा घरी नसतात, आजीनं पैसे भरायचं बंद केलं आहे, आणि ताई कुलूप लावून भिशीला जाते. तेव्हा शेजाऱ्यांना विनंती, शेवटी 'जेपी' असलेलं पार्सल आलं तर सही करून घ्या, जकात माझ्या नावावर मांडून ठेवा, आणि काय आहे ते बघायचंच असेल तर बघा. पण सुरी लावू नका, आणि खोकं टाकू नका.