चाल आपली आहे

कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारच्या दरीत मन्मथस्वामींच्या समाधीपुढे दिंड्या जमतात. एकेका दिंडीत एक पेटीमास्तर असतोच. पखवाजवाल्याला कणीक लागते, टाळकऱ्यांना चहा. आमच्या मास्तरांना फक्त शांतता लागते आणि ती यात्रेत कुठून मिळणार? म्हणून ते चार दिवस रुसलेलेच असतात.

बसण्याचा त्यांचा विधी ठरलेला. गवसणी काढायची, घडी करून मांडीखाली दाबायची (एकदा चोरीला गेली होती), पट्ट्यांवर फुंकर मारायची आणि काळी चार धरायची. गाणाऱ्याचा गळा कुठलाही असो.

"मास्तर, जरा खाली घ्या की."

"तुम्ही वर या."

मास्तरांचा जुना राग रेडिओवर. १९४० साली रेडिओनं पेटीला दार लावलं, ते १९७१ साली कुठं किलकिलं झालं. मास्तरांचा जन्म १९६२चा. पण हे सांगतात अशा थाटात, की स्टुडिओच्या पायरीवरून यांनाच परत पाठवलं होतं!

अभंग स्वामींचा, चाल मास्तरांची. "चाल आपली आहे बरं का," हे आधीच बजावून ठेवतात. दुसऱ्या ओळीला आज्या डोलायला लागतात आणि मागची पोरं हळूच एका जुन्या सिनेमाचं नाव घेतात. पूर्वी मास्तर यावर चिडायचे. मग पुण्यात शिकणाऱ्या भाच्यानं त्यांना बाख सांगितला. जर्मनीतला चर्चचा ऑर्गनवाला. १७२३ साली लाइपझिगला गेल्यावर जवळजवळ दर रविवारी नवी रचना बसवायचा आणि लोकांच्या तोंडी असलेल्या प्रार्थनांच्या चाली तीत ओवायचा. झालं! "बाखबुवांनी केली की कला, अन् आम्ही केली की चोरी?"

गेल्या यात्रेत राज्याच्या सीमेपलीकडून आलेल्या बायकांच्या दिंडीत तीच चाल ऐकू आली. मास्तर ताडकन उठले. "चोरली!" पेटी उचलून तरातरा तिकडं गेले. आम्ही भांडण सोडवायला मागोमाग. बघतो तर मास्तर मांडी घालून साथीला बसलेले. बायकांचा सूर काळी पाच. त्यांनी थोडा वेळ काळी चार रेटून पाहिली. बायका कसल्या ऐकतात! मास्तर मुकाट वर गेले. अंतऱ्यात त्या बायकांनी एक भलतीच गोड जागा घेतली, तशी यांची मान आपसूक हलली.

परतताना मांजरसुंब्याला चहा घेताना मास्तर तीच जागा गुणगुणत होते. आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

"ही जागा आपली आहे बरं का," मास्तर म्हणाले.