चौकोनी वाढदिवस

आमच्या लहानपणी वाढदिवसाला थीम नसायची. औक्षण, केक, वेफर्स, एक समोसा, ग्लासभर रसना आणि पाहुण्यांनी आणलेली कंपासपेटी, की झाला वाढदिवस. आता त्यालाही पीएच.डी.सारखा विषय लागतो. आमच्या चिरंजीवांनी आठव्या वाढदिवसासाठी ‘माइनक्राफ्ट’ हा विषय जाहीर केला आणि मार्गदर्शक म्हणून आम्हा दोघांना नेमलं. नवऱ्याचं या क्षेत्रातलं शिक्षण कॅसेटवाल्या मारिओपाशी थांबलेलं. माझा तर प्रवेशच झालेला नव्हता.

मग जेवणाच्या टेबलावर शिकवणी झाली. स्वीडनमधल्या मार्कुस पेर्सनने २००९ साली हा खेळ लोकांपुढे आणला. २०१४ साली मायक्रोसॉफ्टने तो बनवणारी कंपनीच अडीचशे कोटी डॉलरला घेतली. आजवर त्याच्या तीस कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. त्या जगात सूर्य चौकोनी, ढग चौकोनी, गायसुद्धा चौकोनी. खेळणाऱ्याने लाकडं तोडायची, दगड फोडायचे, गहू पेरायचा, मेंढ्या पाळायच्या आणि अंधार पडायच्या आत डोक्यावर छप्पर घालायचं.

“म्हणजे आमच्या आजोळी चालायचं तेच,” सासूबाई म्हणाल्या. “आणि ह्याचे पैसे घेतात?”

सजावटवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून आम्ही घरच्या घरी सजवायचं ठरवलं. किराणा दुकानातून खोकी आणली, हिरवा घोटीव कागद आणला, खळ शिजवली. मी फुगे फुगवायला घेतले तर चिरंजीव कडाडले, “आई, माइनक्राफ्टमध्ये गोल काही नसतं!” फुगे बाद झाले. मेन्यूतल्या पुऱ्या बाद झाल्या, बटाटेवडे गेले, गुलाबजाम गेले. मी डोक्याला हात लावून बसले. डोकं गोल असल्याबद्दल अजून तक्रार आली नव्हती, एवढंच.

सासूबाई शांतपणे उठल्या आणि त्यांनी परातीला तूप लावलं. “वड्या पाडायला स्वीडनची परवानगी लागत नाही,” त्या म्हणाल्या.

मग आमच्या ओट्यावर ते अख्खं जग थापलं गेलं. कोथिंबीर वडी हे गवत. बेसनाची वडी हे सोनं. गाजराच्या वडीवर मधोमध खोबऱ्याचा पांढरा पट्टा ओढला की टीएनटी. पालकाचा रस घालून केलेल्या ढोकळ्याच्या हिरव्या चौकोनांवर काळ्या तिळांनी डोळे आणि तोंड काढलं की क्रीपर. शंकरपाळ्यांवरून तेवढा वाद झाला. त्या तिरक्या आहेत असं नातवाचं म्हणणं, ताट वळवून बघ असं आजीचं.

क्रीपर हा त्या खेळातला नामांकित खलनायक. तो जन्मला चुकून. डुकराचं चित्र करताना उंची आणि लांबीची मापं उलटी पडली आणि डुकराऐवजी हे उभं प्रकरण तयार झालं. ते आवाज न करता मागे येऊन उभं राहतं, ‘सूंऽऽ’ करतं आणि फुटतं. घाबरतं फक्त मांजराला.

केकची कृती खेळातच दिलेली आहे: दुधाच्या तीन बादल्या, तीन गहू, दोन साखर, एक अंडं. सासूबाईंनी अंड्याकडे उदार मनाने काणाडोळा केला. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. “दूध ओतल्यावर त्या बादल्यांचं काय?”

“रिकाम्या परत मिळतात, आजी.”

“लगेच?”

“लगेच.”

त्या क्षणी माइनक्राफ्टबद्दलचं त्यांचं मत कायमचं बदललं. त्या केकचे तुकडे मात्र सातच होतात. आमच्याकडे येणारी पोरं बघता हा नियम आम्ही धुडकावला.

मुलांना खेळवायला एंडरमन हवा होता. हा उंच, काळा प्राणी. कुणी त्याच्या डोळ्यांत बघितलं की पिसाळतो, पाणी त्याला सोसत नाही, क्षणात इथून गायब होतो, आणि इथली वस्तू उचलून भलतीकडे ठेवतो. भूमिकेसाठी नवऱ्याचं नाव एकमताने मंजूर झालं. रंगीत तालमीची गरज पडली नाही. काळा टी-शर्ट घालून तो दारात उभा राहिला आणि खुर्च्या मांडायची वेळ आली तेव्हा भूमिकेत शिरून नाहीसा झाला.

मुलं आली ती परीक्षकांच्या थाटात. क्रीपरचा हिरवा जरा फिका आहे, पुठ्ठ्याची हिऱ्याची कुदळ उलटी धरली आहे, मेंढीला पाय कमी आहेत. एवढ्यात दिवेलागण झाली. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला, दारात पणती ठेवली आणि सवयीने म्हणाल्या, “तिन्हीसांजेला घरात अंधार असू नये.”

अख्ख्या टोळीने गंभीरपणे माना डोलावल्या. “बरोबर आहे आजी. उजेड नसला की झॉम्बी येतात.”

सासूबाईंनी विजयी मुद्रेने आपल्या मुलाकडे पाहिलं. चाळीस वर्षं समजावूनही जे त्याच्या डोक्यात शिरलं नाही, ते या पोरांना एका वाक्यात कळलं होतं. पुढचं औक्षण कमालीच्या शिस्तीत पार पडलं.

पार्टी संपता संपता पालक मंडळी वड्यांवर अशी तुटून पडली की उरल्यासुरल्या मला डब्यांतून बांधून द्याव्या लागल्या. स्टीलचे, झाकण घट्ट बसणारे माझे ठेवणीतले डबे. ते गेले ते गेलेच. सोसायटीच्या ग्रुपवर मी आधी हसरा चेहरा टाकला, मग हात जोडले, मग डब्याचा फोटोच टाकला. निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्या, डबा एकाचाही आला नाही.

अखेर सासूबाईंनी सूत्रं हाती घेतली. क्रीपरचं खोकं नातवाच्या डोक्यावर चढवलं, हातात पिशवी दिली आणि मोहीम समजावून सांगितली, “बोलायचं काही नाही. दार उघडलं की आत जायचं, काकूंच्या मागे उभं राहायचं आणि सूंऽऽ करायचं.”

जेवणाच्या आत सगळे डबे घरी आले. एक तर आमचा नव्हताच.